ढगांच्या पोटात शिरणारी विमाने

पेरणी झाली आणि पावसाने दडी मारली, की यवतमाळच्या कोरडवाहू कापूसपट्ट्यात दुबार पेरणीची धास्ती सुरू होते. मग कृत्रिम पावसाची मागणीही होते. पण ढगांवरच्या फवारणीनंतर पडलेला पाऊस फवारणीमुळेच पडला, हे ठरवायचे कसे?

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने याच प्रश्नासाठी 2009 मध्ये ‘कायपिक्स’ मोहीम सुरू केली. 2018 आणि 2019 मध्ये मुक्काम सोलापूरला पडला. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा जिल्हा मुद्दाम निवडला होता. दोन विमाने, रडार, जमिनीवर पर्जन्यमापकांचे जाळे, असा सगळा फौजफाटा.

एक विमान ढगाच्या तळाशी, वर चढणाऱ्या हवेच्या झोतात जाई. पंखांवरच्या नळकांड्या पेटल्या की कॅल्शियम क्लोराइडचे सूक्ष्म कण बाहेर पडत. ते बाष्प ओढून घेतात आणि थेंब मोठे होतात. दुसरे विमान ढगातले थेंब मोजी. खरी कसोटी नियोजनाची होती: काही ढगांवर फवारणी करायची, तसेच काही ढग मुद्दाम सोडून द्यायचे. तुलनेशिवाय पुरावा नाही.

2023 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: वाऱ्याच्या दिशेने सुमारे 100 चौरस किलोमीटरमध्ये पाऊस सरासरी 18 टक्क्यांनी वाढला. योग्य ढगच नसतील, तर मात्र विमान काही करू शकत नाही.

विदर्भाचा बराचसा पाऊस बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर अवलंबून असतो. त्यामुळे सोलापूरचा आकडा यवतमाळला जसाच्या तसा लावता येणार नाही. इथले ढग इथेच मोजावे लागतील.