होडीचा तळ आतून खाणारा 'किडा'



मे महिन्याच्या शेवटी आपल्या एका सभासदाची होडी वर ओढली. तळ बाहेरून रंगवलेला, एकदम नवा वाटेल असा. सुताराने फळीवर हातोडी मारली तर आवाज बद्द आला. पेचकस टोचला तो मुठीपर्यंत आत! फळी आतून चाळण झालेली. याच होडीतून चार माणसं रोज खोल पाण्यात जात होती.

ज्याने हे केलं त्याला आपण किडा म्हणतो, पण तो तिसऱ्या-शिनाण्यांच्याच जातीचा, दोन शिंपांचा जीव आहे. शिंपा एवढ्याशाच, तोंडाकडे, कानशीसारख्या दातेरी. त्यांनी लाकूड घासत तो पुढे सरकतो. बाकी अंग अळीसारखं लांब. बिळाला आतून पांढरं चुन्याचं अस्तर करतो. लाकूड पचवायला त्याच्या कल्ल्यांत जीवाणू असतात.

पिल्लू पाण्यातून तरंगत येतं आणि टाचणीच्या टोकाएवढं भोक पाडून शिरतं. मग वाढतं ते आतच, बाहेरचं भोक बारीकच राहतं. फसगत होते ती इथे. 1503 साली कोलंबसाची दोन जहाजं यानेच इतकी पोखरली की ती जमैकाच्या किनाऱ्यावर चढवावी लागली. मग आपल्या होडीची काय कथा!

होडी वर काढली की तो मेला असं समजू नका. भोकाच्या तोंडाशी त्याची दोन झाकणं असतात. ती लावून तो ओल्या लाकडात दोन-तीन आठवडेसुद्धा तग धरतो. चार दिवस सुकवून रंग मारला तर पैसे वाया.

गोडं पाणी त्याला सोसत नाही. पावसात मांडवी-जुवारीचं पाणी गोडं होतं तेव्हा त्याचा जोर कमी असतो. पाऊस सरला की खारं पाणी वर चढतं आणि त्याबरोबर तोही. म्हणून 'होडी खाडीत आहे, चिंता नाही' हे खरं नव्हे. फायबर चढवलेल्यांनीही चिरा बघाव्यात, एका चिरेतून वाट मिळते. पूर्वीचे लोक काजूच्या टरफलांचं तेल तळाला लावत, ते उगाच नव्हतं.

31 जुलैपर्यंत बंदी आहे, वेळ आहे. आधी फळी ठोकून बघा, खराब असेल ती बदला, लाकूड पुरतं सुकू द्या, मगच तांब्याचा रंग. त्या फळीचा कापलेला तुकडा सोसायटीच्या कचेरीत ठेवला आहे. येऊन हातात घेऊन बघा.