कळी का गळते?

मृगाच्या पावसावर परसात दुधी, दोडका, कारल्याच्या बिया टोचल्या, की श्रावणापर्यंत मांडव भरून जातो. तक्रार सुरू होते ती त्याच सुमारास. वेल हिरवागार, फुलंही भरपूर, पण फळ धरत नाही. मग बहुतेक जण खत घालतात आणि तिथेच घात होतो. नत्र जास्त झालं, की वेल पानांवर जातो, फळं आणखी लांबतात. खताआधी फूल हातात घेऊन नीट पाहावं.

या वेलींवर नर आणि मादी फुलं वेगवेगळी असतात. नर फूल नुसत्या बारीक देठावर येतं. मादी फुलाच्या पाकळ्यांमागे मात्र इवलंसं फळ आधीपासूनच दिसतं. सुरुवातीला बहुधा नर फुलंच येतात आणि ती उमलून गळणारच, त्याची काळजी नको. दुधीच्या मुख्य वेलावर नर फुलं अधिक आणि मादी फुलं बगलफुटव्यांवर अधिक येतात. म्हणून वेल मांडवावर पोचला, की शेंडा खुडावा. फुटवे वाढतात, त्यांच्यावर फळं लागतात.

मादी कळीच पिवळी पडून सुकत असेल, तर बहुतेकदा तिला पराग मिळालेला नसतो. इथे वेळ महत्त्वाची. कारलं, काकडी, तांबडा भोपळा आणि घोसाळं सकाळी उमलतं, तेव्हा मधमाश्या फिरत असतात. दुधी आणि दोडका उमलतात संध्याकाळी. दुधीच्या पांढऱ्या फुलांवर रात्रीचे पतंग येतात. शहरातल्या गच्चीवर किंवा पावसाची झड लागली असताना ते आले नाहीत, तर त्यांचं काम आपण करायचं. दिवेलागणीला ताजं उमललेलं नर फूल खुडावं, पाकळ्या काढून टाकाव्यात आणि मधला परागाचा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवावा. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरतं. मात्र दुधीला दुधीचाच पराग हवा, दोडक्याचा चालत नाही. जमलं असेल, तर दोन-तीन दिवसांत मागचं फळ फुगू लागतं. मला तर परसबागेतलं हेच सगळ्यात समाधानाचं काम वाटतं.

फळ धरलं, तरी फळमाशी आहेच. ती कोवळ्या फळाच्या सालीत अंडी घालते. डंखाच्या जागी डिंकासारखा थेंब दिसतो, फळ वाकडं होतं, आत अळ्या पडतात. अळी एकदा आत गेली, की वरून केलेली फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून फळ बोटाएवढं असतानाच त्याला कागदी किंवा पातळ कापडाची पिशवी बांधावी. फळमाशीचे कामगंध सापळे मिळतात, तेही टांगावेत, पण त्यांत फक्त नर माश्या अडकतात. भरवसा पिशवीवरच. किडलेलं फळ वेलाखाली पडू देऊ नये. अळ्या त्यातून निघून जमिनीत कोष करतात आणि पुढची पिढी तिथूनच उठते. अशी फळं प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवावीत.

पानांवर पिठासारखी भुरी आली, तर ती पानं काढून मांडवात हवा खेळू द्यावी. पाणी पानांवर न ओतता आळ्यात द्यावं.

तोडणीत उशीर करू नये. दुधीच्या सालीत नख सहज रुतलं पाहिजे. दोडक्याच्या शिरा कडक होण्याआधीच तो काढावा. एखादं फळ वेलावर जून होऊ दिलं, की त्यातलं बी पोसण्यात वेलाची ताकद जाते आणि नवी फळं कमी धरतात. फळ ओढून तोडू नये, देठ ठेवून कात्रीने कापावं. बियाणं हवं असेल, तर एखादं चांगलं फळ हंगामाच्या शेवटी राखावं. संकरित वाणाचं बी मात्र राखू नये, कारण त्यातून तशीच फळं येतील याची खात्री नसते.

आणि हे मनापासून सांगणं: घरचा दुधी चिरला, की कच्चा तुकडा जिभेला लावून पाहा. कडू लागला, तर थुंकून टाका आणि तो दुधी फेकून द्या. त्यातली विषारी द्रव्यं शिजवूनही जात नाहीत आणि कडू दुधीचा रस प्यायल्याने माणसं दगावली आहेत.