बर्फाच्या खेळाचं दफ्तर

एखादी मुलगी बर्फावर कितीही वेगानं धावत असली, तरी ती स्वतःच्या नावानं आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरू शकत नाही. १८९२ साली स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय स्केटिंग महासंघ व्यक्तीचा अर्ज घेत नाही. त्या त्या देशातल्या सदस्य संघटनेनं, ठरलेल्या मुदतीत पाठवलेली प्रवेशिका तेवढी तो घेतो. ती प्रवेशिका पाठवायला देशात संघटना लागते, संघटनेला घटना लागते, निवडणूक लागते, हिशेबतपासनीस लागतो आणि तारखा लक्षात ठेवणारा सरचिटणीस लागतो. बर्फाच्या खेळांवर आपल्याकडे जे थोडंफार लिहिलं जातं, ते खेळाडूच्या जिद्दीवर संपतं. मला मात्र त्यामागचं दफ्तर पाहावंसं वाटतं, कारण आपल्या हिवाळी खेळाडूंची बरीच वर्षं तिथंच अडकलेली दिसतात.

अंबरनाथ पूर्वेतून बर्फाचा विचार करणं विचित्र वाटेल. शेजारच्या बदलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, आमच्याकडेही फार वेगळं नसतं. पण शिवगंगानगर, कानसई, वडवली या भागांत संध्याकाळी हिंडलं तर सोसायटीच्या आवारात किंवा शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर गुडघ्याला पॅड, डोक्यावर हेल्मेट आणि पायात एका रेषेतल्या चाकांचे स्केट घातलेली मुलं दिसतात. कल्याण ते बदलापूर पट्ट्यात स्केटिंगचा क्लास ही आता कराटे-चित्रकलेइतकीच रुळलेली गोष्ट आहे. ही मुलं आणि हिवाळी ऑलिम्पिक यांच्यात वाटतं तेवढं अंतर नाही.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात ओकाला नावाचं शहर आहे. तिथं बर्फ पडत नाही. एरिन जॅक्सन, ब्रिटनी बो आणि जोई मँटिया हे तिघं तिथलेच, रेने हिल्डब्रँड या एकाच प्रशिक्षिकेच्या हाताखाली चाकांवर घडलेले. जॅक्सन बर्फावर फार उशिरा आली, सरावाला जेमतेम काही महिने मिळाले असताना २०१८च्या ऑलिम्पिकसाठी पात्र ठरली, आणि २०२२ला बीजिंगमध्ये ५०० मीटरचं सुवर्ण घेऊन गेली. त्याच स्पर्धेत सामूहिक शर्यतीचं सुवर्ण बेल्जियमच्या बार्ट स्विंग्सनं जिंकलं, तोही चाकांवरूनच आलेला. मांडीचं बळ, खाली वाकून राहण्याची सवय, घोळक्यात वळण घेण्याची हिंमत हे सगळं चाकांकडून बर्फाकडे जातं. तंत्राचा काही भाग नव्यानं शिकावा लागतो. चाकांवर एकाच पावलात दोनदा रेटा देण्याची जी पद्धत १९९०च्या दशकात रूढ झाली, ती पात्याच्या धारेवर चालत नाही.

जॅक्सनच्या गोष्टीतला मला सर्वात मोलाचा वाटतो तो भाग शर्यतीआधीचा आहे. जानेवारी २०२२मधल्या अमेरिकन निवड चाचणीत ती अडखळली आणि तिसरी आली, म्हणजे संघाबाहेर. पहिल्या आलेल्या बोनं आपली जागा तिला दिली. या औदार्याची गोष्ट जगभर सांगितली गेली, आणि सांगावी अशीच ती आहे. पण अशी अदलाबदल मान्य करणारी, आपल्या नियमावलीत तिला जागा असणारी आणि योग्य नाव वेळेत पुढे कळवणारी संघटना तिथं होती. पुढे अमेरिकेला आणखी एक जागा मिळाली आणि बोही त्या शर्यतीत धावली. कार्यालय नीट चालत असलं की माणसाच्या मोठेपणाला असा उपयोग मिळतो.

आता आपल्याकडची वाट पाहू. अंबरनाथची मुलगी चाकांवर खेळते तेव्हा तिची नोंद ठाणे जिल्ह्याच्या स्केटिंग संघटनेत होते, तिथून राज्यात, तिथून १९५५ साली स्थापन झालेल्या भारतीय रोलर स्केटिंग महासंघात. त्याच्या वर ‘वर्ल्ड स्केट’ ही जागतिक संस्था. हीच मुलगी बर्फावर गेली की साखळी पूर्ण बदलते: वेगळी जिल्हा नोंदणी, वेगळी राज्य संघटना, राष्ट्रीय पातळीवर भारतीय आईस स्केटिंग असोसिएशन आणि वर आंतरराष्ट्रीय स्केटिंग महासंघ. दोन शिक्के, दोन शुल्कं, दोन वार्षिक वेळापत्रकं. पालकांना हा फरक बऱ्याचदा उशिरा कळतो. मूल एकच, पण त्याच्यावर दोन संस्थांचा हक्क आणि त्या दोन संस्थांमधला पूल मात्र कुणाच्याच कामाच्या यादीत नाही.

चाकांवरचं आपलं बळ आता सिद्ध झालेलं आहे. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २ ऑक्टोबर २०२३ रोजी भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी ३००० मीटर रिलेत कांस्यपदक मिळवलं. पुरुषांच्या चौघांत विक्रम इंगळे आणि सिद्धांत कांबळे ही दोन मराठी नावं होती. त्याच संघातला तमिळनाडूचा आनंदकुमार वेलकुमार २०२५च्या सप्टेंबरात चीनमध्ये १००० मीटरचा विश्वविजेता झाला. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांमध्ये महाराष्ट्राचे स्केटर लेहच्या बर्फावरून सुवर्णांसह पदकं घेऊन आले आहेत. समुद्रसपाटीजवळ वाढलेली ही मुलं साडेतीन हजार मीटर उंचीवर जाऊन, आधी श्वासाशी जुळवून घेऊन, मग धावतात. या यशाची आपल्या राज्यात फारशी चर्चा झाली नाही याचं मला वाईट वाटतं.

इथं नियमांतली एक गंमतशीर नव्हे, गंभीर गोष्ट सांगायला हवी. केंद्र सरकारच्या २०११च्या राष्ट्रीय क्रीडा विकास संहितेनं मान्यतेसाठी अट घातली की राष्ट्रीय महासंघाच्या शाखा किमान दोन तृतीयांश राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत असाव्यात, आणि प्रत्येक राज्य संघटनेकडे निम्मे तरी जिल्हे असावेत. देशात आज राज्यं २८ आणि केंद्रशासित प्रदेश ८. म्हणजे २४ शाखा हव्यात. महाराष्ट्राचे जिल्हेही ३६, म्हणजे इथं १८. बर्फ कुठं पडतो? जम्मू-काश्मीर, लडाख, हिमाचल, उत्तराखंड, सिक्कीम, अरुणाचल. बाकीच्या शाखा बर्फ न पाहिलेल्या प्रदेशांतूनच उभ्या कराव्या लागतात. कबड्डीसाठी रास्त असलेली अट हिवाळी खेळाला लावली की महाराष्ट्र, तमिळनाडू, गुजरात यांची संलग्नता ही त्या खेळाच्या अस्तित्वाची गरज बनते.

यातून दोन वाटा फुटतात. एका वाटेवर शाखा फक्त मतदानापुरती असते: लेटरहेड, तीन पदाधिकारी, चार वर्षांतून एकदा सर्वसाधारण सभेला हजेरी. गुलमर्गच्या उतारावर कुणी प्रशिक्षक नेमायचा हे मग अशा हातांनी ठरतं. दुसऱ्या वाटेवर शाखा खेळाडू देते. स्कीइंगमध्ये ही दुसरी वाट आमच्यासाठी जवळपास बंद आहे, डोंगरउतार नसेल तर मूल शिकणार कुठं? स्केटिंगमध्ये ती उघडी आहे, कारण चाकं सिमेंटवर चालतात. म्हणून माझं मत असं की हिवाळी खेळांत महाराष्ट्रानं आपली शक्ती स्केटिंगवर लावावी आणि इतर ठिकाणी नुसतं नाव लावून बसू नये.

बर्फ मात्र लागणारच. शॉर्ट ट्रॅक शर्यतीचं एक आवर्तन १११.१२ मीटरचं असतं आणि ते ६० गुणिले ३० मीटरच्या रिंकमध्ये आखलं जातं. मुंबईकरांच्या एका पिढीनं पहिला बर्फ गोराईच्या एस्सेलवर्ल्डमध्ये पाहिला, तो मौजेपुरता होता आणि ते उद्यानही बंद झालं. सिमल्यात १९२०पासून नैसर्गिक बर्फाचं रिंक आहे, त्याचा हंगाम थंडीच्या मर्जीवर. पूर्ण मापाचं बंदिस्त रिंक देशात डेहराडूनला बांधलं गेलं, ‘हिमाद्री’, जानेवारी २०११मधल्या पहिल्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी. स्पर्धा संपली आणि ते अनेक वर्षं कुलपात गेलं. बर्फ गोठवून ठेवायला यंत्रणा अखंड चालवावी लागते आणि वीजबिल दर महिन्याला येतं, स्पर्धा होवो वा न होवो. रिंक बांधणाऱ्या निधीत ते चालवण्याचा निधी धरलेला नसला की हेच होतं. २०२५मध्ये ते पुन्हा सुरू झालं आणि त्याच ऑगस्टमध्ये तिथं आशियाई खुली शॉर्ट ट्रॅक स्पर्धा झाली. मधल्या काळात जी मुलं दहा वर्षांची होती ती पंचविशीकडे झुकली. त्यांच्यातले कोण कुठवर गेले असते ते आता कोणीच सांगू शकत नाही.

इतर खेळांची कथाही वेगळी नाही. भारतीय आईस हॉकी संघटना १९८९मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाची सहयोगी सदस्य झाली, पण पुरुष संघ आशियाई चॅलेंज कपमध्ये पहिल्यांदा उतरला तो २००९ साली. महिला संघ २०१६ला तैपेईत गेला. खर्चासाठी लोकवर्गणी काढावी लागली. लडाखच्या गोठलेल्या तळ्यांवर शिकलेल्या या मुलींनी पुढच्या वर्षी बँकॉकमध्ये फिलिपिन्सला ४-३ हरवून पहिला विजय मिळवला आणि २०२५मध्ये अल ऐनच्या आशिया चषकात कांस्यपदक जिंकलं. वीस वर्षं सदस्यत्व जपून ठेवण्याचं रूक्ष काम कुणीतरी केलं म्हणून या मुलींना जायला जागा होती, हेही नोंदवलं पाहिजे. लहान संघटनेतल्या मानद पदाधिकाऱ्याचं श्रेय असं असतं. वार्षिक वर्गणी वेळेवर भरली, पत्राला उत्तर दिलं, नाव यादीत राहिलं.

आणि दफ्तर बिघडलं की काय होतं, ते शिवा केशवनला विचारावं. मनालीजवळच्या वशिष्ठ गावचा हा मुलगा चाकं लावलेल्या घसरगाडीवर ल्यूज शिकला, सोळाव्या वर्षी १९९८च्या नागानो ऑलिम्पिकमध्ये उतरला आणि २०१८पर्यंत सलग सहा ऑलिम्पिक खेळला. सराव हिमालयातल्या डांबरी रस्त्यांवर, समोरून येणारी वाहनं आणि मेंढ्यांचे कळप चुकवत. २०१४ला तो सोचीला गेला तेव्हा भारतीय ऑलिम्पिक संघटना निलंबित होती. निवडणुकीतले घोळ आणि कलंकित पदाधिकारी या कारणांवरून डिसेंबर २०१२मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं ती कारवाई केली होती. केशवन, हिमांशू ठाकूर आणि नदीम इक्बाल उद्घाटनाला ऑलिम्पिकच्या ध्वजामागून चालले. केशवनची शर्यत ८ आणि ९ फेब्रुवारीला झाली. संघटनेची नवी निवडणूक ९ तारखेला झाली आणि निलंबन ११ तारखेला उठलं. बाकीचे दोघं तिरंग्याखाली धावले, केशवन दोन दिवसांनी हुकला. वीस वर्षं देशाचं नाव सांभाळणाऱ्या माणसाच्या वाट्याला हे यावं, याचा राग मला आजही येतो.

२०१८च्या प्योंगचांगआधी पुन्हा तसंच. क्रॉस कंट्री स्कीइंगचा जगदीश सिंग पात्र ठरलेला होता, पण त्याच्यासोबत प्रशिक्षक म्हणून कोण जाणार यावरून हिवाळी क्रीडा महासंघ आणि गुलमर्गची लष्करी प्रशिक्षण संस्था यांच्यात जुंपली आणि ऐन वेळी त्याचं जाणंच अडलं. अखेर ऑलिम्पिक संघटनेनं हस्तक्षेप केल्यावर तो गेला. एका खेळाडूच्या संघात एका प्रशिक्षकाची जागा, आणि भांडण त्या जागेचं.

महाराष्ट्राला संघटना उभारण्याचा अनुभव शंभर वर्षांहून जुना आहे. १९१९ला पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारे गावोगावचे धावपटू दोराबजी टाटांनी पाहिले. देशात तेव्हा ऑलिम्पिकची राष्ट्रीय संघटनाच नव्हती. जिमखान्याचे अध्यक्ष असलेल्या दोराबजींनी मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांची मदत घेतली, पैसे उभे केले आणि १९२०च्या अँटवर्प ऑलिम्पिकला संघ पाठवला. मॅरेथॉनमध्ये फडेप्पा चौगुले एकोणिसावे आले, कुस्तीत रणधीर शिंदे कांस्यपदकाच्या लढतीपर्यंत पोचले. आधी खेळाडू हेरले, मग त्यांच्यासाठी दार उघडलं, आणि भारतीय ऑलिम्पिक संघटना १९२७मध्ये स्थापन झाली, दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष. खेळाडू आधी आणि खुर्ची नंतर, हा क्रम आजच्या लहान महासंघांनी पुण्याकडून घ्यावा.

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनं राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. कार्यकारिणी पंधरा जणांपेक्षा मोठी नको, तिच्यात किमान दोन गुणवंत खेळाडू आणि चार महिला हव्यात, निवडणुकांवर स्वतंत्र देखरेख आणि तंट्यांसाठी न्यायाधिकरण, अशा त्याच्या तरतुदी आहेत. मी या कायद्याचं स्वागत करतो. पण हिवाळी खेळांपुरता आकडा पाहा: १९६४च्या इन्सब्रुकला गेलेल्या जेरेमी बुजाकोव्स्कीपासून आजवर भारताचे हिवाळी ऑलिम्पिकपटू वीसही नाहीत, आणि त्यांत महिला दोनच, १९८८ची शैलजा कुमार आणि २००६ची नेहा आहुजा. कार्यकारिणीत बसवायला अनुभवी खेळाडू बाई शोधायची तर ती आधी घडवावी लागेल, आणि ती घडवण्याची जागा जिल्हा पातळीवर आहे.

म्हणून आमच्या पट्ट्यातल्या पालकांना मी सांगतो, क्लासची फी भरताना सरांना चार गोष्टी विचारा. मुलीची नोंद जिल्हा संघटनेत खरोखर झाली आहे का, आणि तिचा क्रमांक काय. ती जिल्हा संघटना कोणत्या राज्य संघटनेशी आणि ती राज्य संघटना कोणत्या राष्ट्रीय महासंघाशी संलग्न आहे. ‘राष्ट्रीय’ म्हणून जिथं नेणार आहात ती स्पर्धा त्या महासंघाच्या वेळापत्रकात आहे का, की कुण्या खासगी संस्थेनं तसं नाव दिलंय. आणि चौदाव्या-पंधराव्या वर्षी तिला बर्फावर पाहायचं ठरवलं, तर तिचं नाव दुसऱ्या साखळीत कोण घालणार. जिल्ह्याच्या पदाधिकाऱ्यांनाही हेच प्रश्न लेखी विचारता येतात, आणि सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त मागता येतं. हिशेब वाचायला बसणारे पाच पालक ज्या जिल्ह्यात असतील, तिथल्या सरचिटणीसाला प्रवेशिकेची तारीख विसरणं अवघड जाईल.