केमोनंतरचा दुसरा कॅन्सर : भीती कितपत खरी?

रक्ताच्या कॅन्सरवर केमो घ्यायची ठरली, की कोल्हापुरात कुणी ना कुणी बजावतंच, 'त्या औषधानंच पुढं दुसरा कॅन्सर होतो.' यात तथ्य आहे, म्हणूनच ते खोडणं अवघड. सायक्लोफॉस्फामाइडसारखी औषधं पेशीच्या डीएनएवरच घाव घालतात. त्यात अस्थिमज्जेतली एखादी निरोगी पेशी बिघडून तगली, तर साधारण ५ ते ७ वर्षांनी नवाच ल्युकेमिया उद्भवू शकतो. इटोपोसाइडनंतर १ ते ३ वर्षांतही. पण असं थोड्यांच्याच वाट्याला येतं. पुष्कळदा जो 'दुसरा' समजला जातो, तो मूळ रोगच उलटलेला असतो. तिथं औषध बाधलेलं नसतं, पुरं पडलेलं नसतं.

मग धोका ठाऊक असून डॉक्टर हे विष देतातच का? हॉजकिन लिम्फोमाचा इतिहास पाहावा. बळावलेला हा रोग पूर्वी बहुधा जीवच घ्यायचा. १९६०च्या दशकात अमेरिकेत 'मॉप' हा चार औषधांचा उपचार आला आणि जवळपास निम्मे रुग्ण बरे होऊ लागले. त्यातल्या काहींना पुढं ल्युकेमिया झाला, हे उघड झालं ते बरे झालेल्यांची वर्षानुवर्षं नोंद ठेवल्यामुळेच. मिलानचे डॉक्टर बोनाडोना यांनी १९७०च्या दशकात आणलेल्या 'एबीव्हीडी' या उपचारात हा धोका बराच कमी निघाला आणि मॉप मागं पडला. उलट, तीव्र ल्युकेमियावर उपचारच नाकारले तर रुग्ण बहुधा काही आठवडे किंवा महिनेच काढतो. पाच वर्षांनंतरच्या धोक्याची काळजी करायला तो उरत नाही.

याच्या उलटा गैरसमज मला जास्त घातक वाटतो : पाच वर्षं झाली, आता तपासणी कशाला? कोवळ्या वयात छातीला शेक (रेडिएशन) घेतलेल्या मुलींना स्तनाच्या कॅन्सरचा वाढीव धोका त्यानंतर कित्येक दशकं राहतो. बालपणी कॅन्सरमधून बऱ्या झालेल्यांसाठी मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९९१पासून स्वतंत्र क्लिनिक आहे. कोल्हापूरहून दरवर्षी तिथं जाणं म्हणजे भाडं आणि बुडालेली मजुरी, ही अडचण खरीच. पण रक्ताची साधी तपासणी इथंही होते. फक्त कोणती औषधं, एकूण किती मात्रा आणि शेक कुठं दिला, हे लिहिलेला कागद गावच्या डॉक्टरला दाखवता आला पाहिजे. आणि त्या डॉक्टरनं विडी-सिगारेटची चौकशी जरूर करावी (केमोला विष म्हणणारे तिच्याबद्दल सहसा बोलत नाहीत) : छातीला शेक घेतलेल्यांत धूम्रपानामुळे फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका बेरजेनं नव्हे, गुणाकारानं वाढतो.