साप पाळण्याआधी हिशेब मांडा

सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा हे गाव नागपंचमीच्या जिवंत नागांमुळे देशभर माहीत झाले. 2014 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नाग पकडून मिरवणे बंद झाले. 2025 साली केंद्र सरकारने 21 नाग पकडू दिले, तेही केवळ प्रबोधनासाठी. एवढी जुनी परंपरा असलेल्या गावालाही दिल्लीची परवानगी लागते. मग हौसेने साप पाळू पाहणाऱ्याने आणि विकू पाहणाऱ्या दुकानदाराने किती चौकशी करायला हवी?

पहिली चौकशी कायद्याची. नाग आणि अजगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. गुन्हा शाबीत झाल्यास 3 ते 7 वर्षे कैद आणि किमान 25 हजार रुपये दंड होतो. गुप्तधनाच्या भूलथापा देऊन लाखोंच्या भावात विकले जाणारे मांडूळही संरक्षित आहे. त्यात पैसाही जातो, इज्जतही जाते. घरात साप निघाला तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.

परदेशी सापांची गोष्ट वेगळी आहे. आफ्रिकेतला बॉल पायथन शौकीन लोक पाळतात. मात्र 2024 च्या नियमांनुसार त्याची नोंदणी ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. जन्म, मृत्यू आणि मालकीतील बदलही कळवावा लागतो. कागद नसलेला माल स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

दुसरी चौकशी गरजांची. हा साप तीन ते पाच फूट वाढतो आणि नीट सांभाळला तर 20 ते 30 वर्षे जगतो. सापाचे शरीर स्वतः ऊब निर्माण करीत नाही. म्हणून पेटीची एक बाजू सुमारे 32 अंश, दुसरी 26 अंशांच्या आसपास ठेवावी लागते. महाबळेश्वर-पाचगणीच्या थंडीत रात्री वीज गेली तर काय, याचा विचार आधीच हवा. अंग गार पडले की खाल्लेले पचत नाही. हवा फार कोरडी असली तर कात नीट निघत नाही. साप दूध पीत नाही, त्याला उंदीर लागतात. घरच्यांना ते चालेल का? सापावर इलाज करणारा जनावरांचा डॉक्टर जवळ आहे का? पेटीचे झाकण पक्के बसते का?

कापडाचा ताका घेताना आपण पन्हा पाहतो, वजन पाहतो, रंग पक्का आहे की कच्चा ते तपासतो. तरीही माल पडून राहिला तर सेलमध्ये निघतो. सापाचे तसे नाही. कंटाळा आला म्हणून त्याला रानात सोडता येत नाही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या दलदलीत पाळीव अजगर सुटले, सोडले गेले, तेथे ते वाढले आणि तिथली लहानमोठी जनावरे फस्त झाली.

तेव्हा दुकानदाराने गिऱ्हाइकाला आधी हे सारे विचारावे. जवाब नसेल तर सौदा करू नये. एक विक्री बुडाली तर बुडाली. एक मुका जीव वाचेल आणि पेढीचा भरवसाही टिकेल.