टाळता येणारे अंधत्व आणि रुग्णालयापर्यंतची वाट

दरवर्षी ऑक्टोबर महिन्यातील दुसरा गुरुवार जागतिक दृष्टी दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने नेत्रदानाची आवाहने होतात, शिबिरांचे फलक लागतात आणि आठवडाभरात विषय मागे पडतो. परंतु या विषयातील एक गोष्ट वर्षभर ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आपल्या देशातील बहुसंख्य अंध व्यक्तींनी अंध राहावे असे कोणतेही वैद्यकीय कारण आज उरलेले नाही.

भारतात २०१५ ते २०१९ या काळात अंधत्वाचे राष्ट्रीय सर्वेक्षण झाले. त्यानुसार पन्नास वर्षे व त्यापुढील वयाच्या शंभर व्यक्तींमागे जवळजवळ दोन व्यक्ती अंध आढळल्या. त्यांच्यातील ६६.२ टक्के अंधत्वाचे कारण मोतीबिंदू हे होते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया थोड्या वेळात होते, बहुतेक रुग्ण दुसऱ्या दिवशी घरी जातात, आणि शासकीय व धर्मादाय रुग्णालयांत ती विनामूल्य केली जाते. इलाज ठाऊक आहे, डॉक्टर आहेत, खर्चाची सोयही आहे. तरीसुद्धा माणसे अंधारात का राहतात, हा प्रश्न आपण विचारावयास हवा.

टाळता येणारे अंधत्व म्हणजे काय?

यात दोन प्रकार येतात. पहिला, जे उपचाराने दूर करता येते. मोतीबिंदू आणि चष्म्याचा नंबर ही त्याची ठळक उदाहरणे होत. दुसरा, जे वेळीच काळजी घेतल्यास येतच नाही. लहान मुलांमध्ये ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने येणारे अंधत्व, डोळ्याला इजा होऊन बुबुळावर होणारा व्रण, मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला होणारी हानी आणि काचबिंदू यांचा त्यात समावेश होतो.

या दोहोंतील भेद महत्त्वाचा आहे. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी उशिरा का होईना, बहुधा परत मिळते. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. तो वेदना न देता, कडेची नजर हळूहळू कमी करीत येतो, म्हणून चाळिशीनंतर डोळ्यांतील दाब व नस यांची तपासणी आवश्यक असते.

येथे एक गैरसमजही दूर केला पाहिजे. नेत्रदान हे थोर कार्य आहे. मात्र दात्याच्या डोळ्यातील पारदर्शक पटलाचा उपयोग ज्यांचे ते पटल खराब झाले आहे अशांनाच होतो. मोतीबिंदूच्या रुग्णाला दात्याची वाट पाहावी लागत नाही. त्याला हवी असते ती तपासणी, शस्त्रक्रिया आणि बरोबर येणारे कोणीतरी.

मदुराईचा धडा

सामुदायिक नेत्रसेवेचा विचार तामिळनाडूतील मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाला वगळून करता येत नाही. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांना तरुणपणीच संधिवाताने ग्रासले व त्यांच्या हातांची बोटे वाकडी झाली. तरीही त्यांनी नेत्रशस्त्रक्रिया आत्मसात केली आणि आपल्या हयातीत एक लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. १९७६ साली, शासकीय सेवेतून निवृत्त झाल्यावर, त्यांनी अकरा खाटांचे रुग्णालय सुरू केले. योगायोग असा की, केंद्र शासनाचा राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमही त्याच वर्षी सुरू झाला. डॉ. वेंकटस्वामी २००६ साली निवर्तले. तोवर ते छोटे रुग्णालय जगातील मोठ्या नेत्रसेवा संस्थांपैकी एक झाले होते.

त्यांची कार्यपद्धती समजून घेण्यासारखी आहे. ज्यांना परवडते ते शुल्क देतात; त्यातून, ज्यांना परवडत नाही त्यांचा खर्च निघतो. शल्यविशारद एका रुग्णाची शस्त्रक्रिया करीत असताना शेजारच्या मेजावर दुसऱ्या रुग्णाची तयारी पूर्ण होते, त्यामुळे डॉक्टरांचा वेळ वाया जात नाही. खेड्यांतील बारावी झालेल्या मुलींना दोन वर्षांचे प्रशिक्षण देऊन तपासणीची व शुश्रूषेची बरीचशी कामे त्यांच्यावर सोपविली जातात. डोळ्यात बसवावयाचे कृत्रिम भिंग पूर्वी परदेशातून येई व ते गरिबाच्या आवाक्याबाहेर असे. १९९२ साली ‘ऑरोलॅब’ या संलग्न संस्थेने ते मदुराईतच बनविण्यास प्रारंभ केला आणि त्याची किंमत मूळ किमतीच्या अल्पांशावर आणली.

विनामूल्य असूनही लोक का येत नाहीत?

एवढे सारे असूनही मदुराईच्या कार्यकर्त्यांना एका कटू सत्याला सामोरे जावे लागले. शिबिरे ज्या गावांसाठी भरत, त्या गावांची पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. डोळ्यांचा विकार असलेल्या प्रौढांपैकी शिबिराला आलेले लोक जेमतेम सात टक्के होते. बाकीचे घरीच राहिले.

त्यांची कारणे ऐकली तर ती आपल्याच गावातील वाटतील. शस्त्रक्रियेची भीती. घरची जबाबदारी. प्रवासाचा व जेवणाचा खर्च. सोबतीला कोणी नाही. आणि सर्वांत दुःखद कारण म्हणजे, ‘वय झाले, आता असेच चालायचे’ ही समजूत. शस्त्रक्रिया विनामूल्य असली तरी रुग्णाला नेणाऱ्या मुलाचा दोन दिवसांचा रोज बुडतो. जव्हार-मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावरील आजीला एस.टी. गाठण्यासाठीच किती चालावे लागते, हे तिकडे सेवा करणाऱ्यांना ठाऊक आहे. जिला दिसत नाही तिने ही वाट एकटीने कशी चालावी?

म्हणूनच मदुराईच्या पद्धतीत रुग्णाला शिबिरातून रुग्णालयात नेणे, तेथील निवास, भोजन आणि परत गावी आणून सोडणे हा उपचाराचाच भाग मानला गेला. पुढे २००४ पासून गावांजवळ कायमस्वरूपी दृष्टिकेंद्रे उघडण्यात आली. तेथे प्रशिक्षित तंत्रज्ञ डोळे तपासतो, दूरसंपर्काद्वारे रुग्णालयातील डॉक्टर रुग्णाशी बोलतात, आणि केवळ चष्म्याची गरज असेल तर तो तेथेच मिळतो. आज अशा केंद्रांची संख्या शंभरावर गेली आहे. वर्षातून एकदा येणारे शिबिर चुकले तर पुढच्या वर्षापर्यंत थांबावे लागते. केंद्राचे दार मात्र उद्याही उघडे असते.

अठरा तासांचे मोल

गावातील साध्या कार्यकर्त्याच्या हातून काय घडू शकते, याचे प्रमाण नेपाळमधील भक्तपूरच्या अभ्यासात मिळते. तो २००१ साली प्रसिद्ध झाला. शेतीत काम करताना भाताचे तूस, काडी किंवा पाते डोळ्यात जाऊन बुबुळाला ओरखडा पडतो. त्यात जंतुसंसर्ग झाला की व्रण होतो, आणि व्रण भरला तरी डोळ्यात फूल पडून नजर जाते. भक्तपूर येथे गावातील स्वयंसेवकांना असा ओरखडा ओळखण्यास शिकविले गेले आणि प्रतिजैविकाचे साधे मलम तीन दिवस देण्याची व्यवस्था करण्यात आली. इजेनंतर अठरा तासांच्या आत ज्यांना हे मलम मिळाले, त्यांच्यापैकी एकालाही व्रण झाला नाही.

आपल्याकडेही भाताची झोडणी होते, काट्याकुट्यांची कामे होतात. तेव्हा डोळ्यात काही गेल्यास तो चोळू नये, त्यात मध, झाडपाल्याचा रस वा दूध घालू नये, आणि औषधांच्या दुकानातून स्वतःच्या मनाने थेंब आणू नयेत. स्टिरॉइड असलेले थेंब अशा वेळी डोळ्याचा घात करू शकतात. त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे.

चष्मा हेही रोजीरोटीचे साधन

अंधत्वाच्या चर्चेत चष्मा क्षुल्लक वाटतो. परंतु चाळिशीनंतर जवळचे दिसेनासे झाले की सुईत दोरा जात नाही, तांदूळ निवडता येत नाहीत, हिशेबाची वही वाचता येत नाही. आसाममधील चहामळ्यांत चाळीस वर्षांवरील कामगारांना जवळचे दिसण्यासाठीचे चष्मे देऊन त्यांचे काम मोजण्यात आले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत चष्मा मिळालेल्यांची उत्पादकता २१.७ टक्क्यांनी अधिक वाढल्याचे आढळले. एका साध्या चष्म्याने गरिबाच्या कुटुंबात किती फरक पडतो, हे यावरून कळून येते.

शिबिर भरविणाऱ्यांनी घ्यावयाची दक्षता

सेवेची तळमळ असली तरी शिस्तीला पर्याय नाही. २०१४ साली पंजाबमधील गुरदासपूर जिल्ह्यात भरलेल्या एका शिबिरातील शस्त्रक्रियांनंतर अनेक गरीब रुग्णांनी दृष्टी गमावल्याचे उघडकीस आले. वर उल्लेखिलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणातही अंधत्वाच्या ७.२ टक्के घटनांमागे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत आढळली. म्हणून सभागृहात किंवा शाळेत तपासणी करावी; शस्त्रक्रिया मात्र सुसज्ज रुग्णालयातच व्हावी. शस्त्रक्रियेनंतर किती जणांची पुन्हा तपासणी झाली आणि त्यांना कितपत दिसते, याची नोंद आयोजकांनी ठेवावी. फलकावर छापलेल्या संख्येपेक्षा ही नोंद अधिक मोलाची आहे.

आपण काय करू शकतो?

धर्मग्रामाजवळ दोन गोष्टी निश्चित असतात: घराघराची ओळख आणि माणसांचा विश्वास. नेत्रसेवेला नेमकी त्यांचीच गरज आहे.

आपल्या विभागातील प्रत्येक घरात साठीपुढील व्यक्तीला किती दिसते, याची साधी विचारपूस युवक व महिला मंडळांनी करावी. आशा सेविका व ग्रामीण रुग्णालयातील नेत्रतंत्रज्ञ यांच्याशी संपर्क ठेवावा. शस्त्रक्रियेसाठी जाणाऱ्याला वाहन व सोबती मिळेल असे पाहावे, आणि पुढच्या तपासणीलाही न्यावे. शस्त्रक्रिया झालेली शेजारीण भीती वाटणाऱ्या आजीशी बोलली, तर दहा भाषणांचे काम होईल. मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहण्याची आता गरज नसते, हेही सर्वांना सांगावे.

मधुमेह असलेल्यांनी चांगले दिसत असले तरी वर्षातून एकदा डोळ्याच्या पडद्याची तपासणी करून घ्यावी. चौतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा दोन किलोहून कमी वजनाच्या बालकाचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासला गेला पाहिजे. विलंब झाल्यास कायमचे अंधत्व येऊ शकते. पाच वर्षांखालील मुलांना ‘अ’ जीवनसत्त्वाची मात्रा व गोवराची लस वेळेवर द्यावी. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून मागे पडणाऱ्या मुलाला आळशी ठरविण्याआधी त्याचे डोळे तपासावेत.

यांपैकी एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही. तिला लागते ते थोडे चालणे आणि थोडा वेळ. आपल्या आळीत, आपल्या पाड्यावर, ओसरीवर बसून आवाजावरून माणसे ओळखणारी एखादी वृद्ध व्यक्ती असेल, तर या आठवड्यात तिच्या घरी जावे आणि एवढेच विचारावे: ‘डोळे शेवटचे कधी दाखविले होते?’ उत्तर ऐकल्यावर तिला रुग्णालयात कोणी न्यावयाचे, हे तेथेच ठरवावे.