कमांड फेल झाली, म्हणून टेस्ट पास?

काही टेस्टमध्ये कमांड फेल व्हायलाच हवी असते. अस्तित्वात नसलेल्या ब्रांचवर जायला सांगितलं, तर गिटने नकार दिला पाहिजे. शेल स्क्रिप्टमध्ये हे तपासायला बहुतेक जण कमांडच्या आधी उद्गारचिन्ह (!) लावतात आणि पुढच्या कामाला लागतात. गैरसमज सुरू होतात ते इथूनच.

सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज असा, की शून्य सोडून कुठलाही एक्झिट कोड आला की काम झालं. वस्तुस्थिती: रीतसर नकार देताना गिट बहुधा १ किंवा १२८ परत करतं, पर्याय चुकीचे दिले तर १२९. पण तेच गिट मेमरीच्या घोळामुळे मध्येच कोसळलं, तर शेलला १३९ मिळतो: १२८ अधिक सिग्नल क्रमांक ११. कमांडच्या नावात एक अक्षर चुकलं तर १२७, म्हणजे अशी कमांडच नाही. उद्गारचिन्हाला यातलं काही कळत नाही. ते सरसकट सगळं उलटवतं आणि टेस्ट हिरवी दाखवतं. टायपिंगची चूक वर्षानुवर्षं ‘पास’ होत राहू शकते, ती अशी.

म्हणूनच गिटच्या स्वतःच्या टेस्टमध्ये ‘टेस्ट_मस्ट_फेल’ हे फंक्शन आहे. कमांड यशस्वी झाली तर ते तक्रार करतंच. शिवाय १२६, १२७ आणि सिग्नलने मेल्याचे कोडही नाकारतं. नेमका कोडच हवा असेल तर ‘टेस्ट_एक्स्पेक्ट_कोड’ वापरावं.

मग हे फंक्शन सगळीकडेच लावावं का? नाही. गिटच्या टेस्टचं काम गिट तपासणं आहे, ग्रेप किंवा सेड नव्हे. त्यांच्या आधी साधं उद्गारचिन्ह चालतं. मात्र ग्रेपला मजकूर सापडला नाही तर तो १ देतो आणि फाइलच नसेल तर २. उलटवल्यावर दोन्ही सारखेच! फाइल आहे ना, हे आधी पाहून घ्या.

‘सेट -ई’ लावलंय, आता काळजी नाही, असंही अनेकांना वाटतं. उद्गारचिन्हाने सुरू होणाऱ्या ओळीला ‘सेट -ई’ लागूच होत नाही, हा पॉझिक्सचा नियम आहे. जी कमांड फेल व्हायला हवी होती ती यशस्वी झाली, तरी स्क्रिप्ट खुशाल पुढे जाते. बॅट्स या शेल-टेस्टच्या साधनात टेस्ट लिहिणारे यात हमखास अडकतात, त्यांच्यासाठी १.५.० आवृत्तीपासून ‘रन !’ आहे. गिटच्या टेस्टमध्ये ओळी && ने जोडलेल्या असतात, त्यामुळे तिथे ही पळवाट राहत नाही.

‘टेस्ट_एक्स्पेक्ट_फेल्युअर’ या नावानेही बरेच जण फसतात (नाव आहेच तसं). कमांडने नकार देणं अपेक्षित आहे, असा त्याचा अर्थ नाही. गिटमधला बग माहीत आहे, अजून दुरुस्त झालेला नाही, एवढीच ती नोंद.

आणि ‘|| ट्रू’? ते लावलं की त्या ओळीने काही तपासायचंच सोडून दिलं. यश किंवा अपयश काहीही चालेल पण क्रॅश नको, असं खरोखर म्हणायचं असेल, तर गिटमध्ये त्यासाठी ‘टेस्ट_माइट_फेल’ आहे.

नवी टेस्ट लिहिली की कमांडचं नाव मुद्दाम चुकवून ती एकदा चालवा. तरीही हिरवी आली, तर तिच्यावर विसंबू नका.